५१ टक्के सह्या झाल्या म्हणजे पुनर्विकास ठरला का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंड पूर्वेला बत्तीस घरांची सहकारी गृहनिर्माण संस्था, इमारत १९८४ ची, दोन विंगा, तळमजला आणि वर तीन मजले. कमिटीने एक बिल्डर आणला. गच्चीवर त्याचं सादरीकरण झालं, जेवण झालं, आणि पुढच्या पंधरवड्यात घरोघर फिरून बिल्डरच्याच लेटरहेडवर छापलेल्या संमतीपत्रांवर एकोणीस सह्या गोळा झाल्या. प्रश्न विचारणाऱ्या ताईंचे वडील ७८ वर्षांचे आहेत, ते मूळ सभासद. त्यांनी सही केलेली नाही. आता त्यांना सांगितलं जातंय की ५१ टक्के पूर्ण झाले, कायद्याने तुम्हाला सही करावीच लागेल, नाहीतर कोर्टाकडून बाहेर काढू, आणि दिवाळीनंतर घर रिकामं करायचं आहे. ताईंना तीन गोष्टी विचारायच्या आहेत: हे खरं आहे का, बाबांनी सही करावी का, आणि हे थांबवता येतं का.

मी गेली बावीस वर्षं मुंबई-ठाण्यातल्या सोसायट्यांच्या बाजूने प्रकल्प सल्लागार म्हणून काम करतो. या तीन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. घरोघर गोळा केलेल्या सह्या म्हणजे संस्थेचा निर्णय नव्हे. संस्थेचा निर्णय होतो तो नोटीस काढून बोलावलेल्या, गणपूर्ती झालेल्या, इतिवृत्त लिहिलेल्या विशेष सर्वसाधारण सभेत. एकोणीस सह्यांचा कागद फार तर एकोणीस जणांचा कल दाखवतो.

ज्याला सगळे ‘७९-ए’ म्हणतात ते महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधलं कलम ७९-अ. या कलमाने राज्य सरकारला सहकारी संस्थांना निर्देश देण्याचा अधिकार मिळाला आहे. तो वापरून सरकारने ३ जानेवारी २००९ ला गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासासाठी पहिल्यांदा कार्यपद्धती ठरवून दिली. कारण उघड होतं: सभासदांना विश्वासात न घेणं, निविदा न काढता मर्जीतला बिल्डर नेमणं, करारात ताळमेळ नसणं अशा तक्रारींचे ढीग सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या निबंधकांकडे साचले होते. पुढे ४ जुलै २०१९ ला नवा शासन निर्णय आला आणि आज तोच बघायचा. २००९ मध्ये तीन-चतुर्थांशाची अट होती, २०१९ मध्ये ती खाली आली. आता पुनर्विकासाच्या विशेष सभेला एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश हजेरी लागते आणि निर्णयाला ५१ टक्क्यांची लेखी संमती.

तुमच्या सोसायटीत हे आकडे असे पडतात. बत्तीसचे दोन-तृतीयांश म्हणजे बावीस सभासद सभेत प्रत्यक्ष हजर हवेत. ५१ टक्के म्हणजे सतरा. एकोणीस हा आकडा सतरापेक्षा मोठा आहे म्हणून कमिटी खूश आहे, पण बावीस जण सभेत बसल्याशिवाय त्या सतराला काही अर्थ नाही. शिवाय या सतरा जणांनी संमती कशाला द्यायची असते? पहिल्या सभेत प्रश्न एवढाच असतो की इमारतीचा पुनर्विकास करायचा की नाही. कोणत्या बिल्डरकडून, किती जागेच्या बदल्यात, किती भाड्यात, हे त्या सभेचे विषयच नाहीत. तुमच्याकडे शेवटचा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेलाय.

(इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण वर्तमानपत्रातली कात्रणं घेऊन लोक माझ्याकडे येतात. म्हाडा अधिनियमातही एक कलम ७९-अ आहे. त्याचा संबंध मुंबई शहरातल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींशी, म्हणजे ३० सप्टेंबर १९६९ पर्यंत बांधलेल्या आणि म्हाडाचा दुरुस्ती उपकर भरणाऱ्या भाडेकरूंच्या इमारतींशी. गिरगाव, लालबाग, डोंगरीच्या चाळी त्यात येतात. मालकाला सहा महिन्यांची नोटीस, मग भाडेकरूंच्या नियोजित संस्थेला संधी, मग म्हाडाचं संपादन, हा सगळा त्या कायद्याचा क्रम आहे. मुलुंडच्या मालकी हक्काच्या सोसायटीला त्यातलं काही लागू नाही. कमिटीतले कोणी ‘सहा महिन्यांत सरकार ताब्यात घेईल’ असं घाबरवत असतील तर ते दुसऱ्याच कायद्याचं वाचून आलेत.)

आता मुद्द्याचं. २०१९ च्या शासन निर्णयात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की तो सभासदाला थांबायच्या जागा देतो. पहिली सभा, सुसाध्यता अहवाल, निविदा, बिल्डरची निवड, करारनामा, आणि घर सोडणं. या प्रत्येक ठिकाणी सोसायटी कायदेशीरपणे थांबू शकते, कागद मागू शकते, मागे फिरू शकते. माझ्या अनुभवात फसलेल्या बहुतेक प्रकल्पांत बिल्डर सुरुवातीपासून लबाड नव्हता. सोसायटीच दोन-तीन थांबे न घेता पुढे गेली होती. आणि गाडी एकदा पुढे गेली की मागचा थांबा परत मिळत नाही. का, ते पुढे सांगतो.

सुरुवात कशी व्हायला हवी? किमान एक-पंचमांश सभासदांनी, म्हणजे तुमच्याकडे सात जणांनी, लेखी मागणी करायची किंवा कमिटीने स्वतः पुढाकार घ्यायचा. विशेष सभेची नोटीस चौदा दिवस आधी. सभेत पुनर्विकास करायचा असं ठरलं की संस्थेने स्वतःचा वास्तुविशारद किंवा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमायचा. हा सल्लागार संस्थेचा असतो, त्याची फी संस्था देते, बिल्डर नाही. ‘आमचेच आर्किटेक्ट फुकट रिपोर्ट करून देतील’ हे वाक्य ऐकलं की सभेत उठून उभं राहा.

इमारतीची अवस्था हाही याच टप्प्याचा विषय. तीस वर्षांवरच्या इमारतीचं संरचनात्मक लेखापरीक्षण मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार करून घ्यावंच लागतं. तुमची इमारत चाळिशी ओलांडलेली आहे, तेव्हा अहवाल झालेला असायला हवा. तो मागा आणि वर्गवारी बघा. सी-१ म्हणजे राहण्यास धोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२अ म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-२ब म्हणजे लोक राहत असतानाच संरचनात्मक दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. ‘बिल्डिंग कधीही पडेल’ असं तोंडी सांगितलं जात असेल तर वर्गवारी कागदावर दाखवा म्हणावं. दोन अहवाल एकमेकांशी जुळत नसतील तर पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाता येतं.

इमारत खरंच सी-१ असेल तर मात्र मी वेगळं बोलेन. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजार परिसरातली हुसैनी इमारत कोसळून तेहतीस माणसं गेली. ती इमारत मोठ्या समूह पुनर्विकास योजनेत समाविष्ट होती, तरी लोक आत राहत होते. त्यामुळे अडवणूक म्हणून अडवणूक करायला मी कुणालाही सांगत नाही. धोकादायक घरात म्हाताऱ्या माणसाला ठेवून कागदांवर भांडण्यात अर्थ नाही. आधी माणसं हलवायची, हक्काचं मोजमाप पालिकेकडून नोंदवून घ्यायचं, मग वाटाघाटी.

तुमच्या पत्रावरून इमारत उभी आहे, गळती आहे, पण नोटीस आलेली नाही. म्हणजे वेळ आहे.

दुसरा थांबा सुसाध्यता अहवालाचा. लोक सगळ्यात जास्त हाच टाळतात आणि मी सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवतो. शासन निर्णयानुसार सल्लागाराने दोन महिन्यांत हा अहवाल द्यायचा असतो. त्यात भूखंडावर एकूण किती बांधकाम बसतं, खर्च किती, विक्रीला किती उरतं आणि त्यातून सभासदांना किती देणं परवडतं हे मांडलेलं असतं. हा अहवाल हातात नसताना बिल्डरची ‘३५ टक्के जादा जागा’ ही ऑफर चांगली की वाईट हे ठरवणार कसं?

तुमच्या सोसायटीचा अंदाजे हिशेब करून दाखवतो. समजा भूखंड १,४०० चौरस मीटर आणि सध्याचं मंजूर बांधकामही तेवढंच. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावली २०३४ प्रमाणे उपनगरात मूळ एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) १. समोरचा रस्ता ९ मीटर किंवा जास्त पण १२ मीटरच्या आसपासपर्यंत असेल तर ०.५ शुल्क भरून आणि ०.५ टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) घेऊन एकूण २ पर्यंत जाता येतं. रस्ता १२.२० मीटरच्या वर गेला तर हाच आकडा २.२ होतो. म्हणून मी कुठल्याही सोसायटीत पहिल्या दिवशी गेटबाहेर उभा राहून रस्ता मोजतो आणि मग पालिकेच्या विकास आराखड्यातली रुंदी त्याच्याशी ताडून बघतो. दोन हातांचा फरक कधी कधी सगळं गणित बदलतो.

त्याच्या जोडीला त्याच नियमावलीतला नियम ३३(७)(बी). सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या तीस वर्षांवरच्या इमारतींना यात प्रोत्साहनपर जादा बांधकाम मिळतं: सध्याच्या बांधकामाच्या १५ टक्के किंवा दर घरामागे १० चौरस मीटर, यातलं जे जास्त असेल ते. तुमच्याकडे १५ टक्के म्हणजे २१० चौरस मीटर. घरामागे दहा म्हणजे ३२० चौरस मीटर. छोट्या घरांच्या सोसायटीला दुसरा पर्याय फायद्याचा पडतो आणि त्यावर शुल्कही नाही. दहा चौरस मीटर म्हणजे जवळपास १०८ चौरस फूट. तुमचं घर चारशे चौरस फुटांचं असेल तर २७ टक्के वाढ नियमानेच मिळालेल्या बांधकामातून निघते. वर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे एफएसआयच्या वर मिळणारं पूरक क्षेत्र आहे, आणि जुन्या सभासदांच्या वाट्याचं फंजिबल शुल्काशिवाय मिळतं. आता परत ती ‘३५ टक्क्यांची उदार ऑफर’ बघा. ती वाईट आहे असं मी म्हणत नाही. मुलुंडमधले विक्रीचे दर, शुल्कं, टीडीआरचा भाव हे सगळं धरल्याशिवाय कोणी तसं म्हणूच नये. पण हा हिशेब सभासदांसमोर मांडलाच गेला नसेल, तर त्यांनी संमती नेमकी कशाला दिली?

या टप्प्यावर स्वयंपुनर्विकासाचा पर्यायही अहवालात मांडून घ्या. सरकारने १३ सप्टेंबर २०१९ च्या निर्णयाने त्याला सवलती दिल्या आहेत. मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने अशा प्रकल्पांना कर्ज दिलं आहे. सगळ्यांना तो झेपत नाही; त्यासाठी रोज दोन तास देणारे, पैशाला हात न लावणारे चार-पाच सभासद लागतात. पण तुलनेला तो आकडा समोर असला की बिल्डरशी बोलण्याचा सूर बदलतो.

निविदा आणि निवड याबद्दल थोडक्यात. निविदा सर्वांसमोर उघडायच्या, तुलनात्मक तक्ता करायचा, आणि निवडीच्या सभेला निबंधक कार्यालयाचा प्राधिकृत अधिकारी हजर हवा, सभेचं चित्रीकरण हवं. कमिटीचा सदस्य किंवा त्याचा नातेवाईक बिल्डर असता कामा नये. तुलना करताना एकच सावधगिरी: सगळ्यांनी एकाच मापात क्षेत्रफळ दिलंय का ते बघा. रेराच्या, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या, व्याख्येत कार्पेटमध्ये (घराच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रफळात) घराच्या आतल्या भिंतींखालची जागाही धरतात. जुन्या पद्धतीने आपण भिंतीपासून भिंतीपर्यंत, म्हणजे टाइल्स मोजतो. दोन खोल्यांच्या घरात आतल्या भिंतींखाली वीस-पंचवीस चौरस फूट सहज जातात. एक बिल्डर ५४० देतोय, दुसरा ५५५, आणि दुसऱ्याचं घर प्रत्यक्षात लहान, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या वडिलांचं सध्याचं घरही आताच मोजून घ्या. बंद केलेली बाल्कनी, खाली उतरवलेली खिडकी, मंजूर नकाशात काय आहे आणि प्रत्यक्षात काय आहे, हे प्रत्येक खोलीच्या आकड्यासह कागदावर, सल्लागाराच्या आणि सभासदाच्या सहीने. इमारत पाडल्यावर फीत लावायला भिंत उरत नाही.

आता करारनाम्याचा थांबा. इथे घाई करणाऱ्यांना मी हात जोडतो.

रेरा कायदा आहे, मग भीती कशाची, असं बरेच जण म्हणतात. पण रेराचं संरक्षण मुख्यतः नवीन घर विकत घेणाऱ्यासाठी रचलेलं आहे. जुन्या सभासदाची ढाल म्हणजे नोंदणी केलेला विकास करारनामा आणि त्यातल्या अटी. शासन निर्णयात प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी, दोन वर्षांत आणि अपवादात्मक परिस्थितीत तीन वर्षांत काम पूर्ण करणं, काम पूर्ण होईपर्यंत पर्यायी जागा किंवा भाडं, विकासाचे हक्क दुसऱ्याला न विकणं, आणि सर्व परवानग्या आल्यावरच सभासदांनी जागा रिकामी करणं हे सगळं आहे. पण ते करारात शब्दशः उतरलं पाहिजे.

बँक गॅरंटीबद्दल एक गोष्ट सांगतो. पूर्व उपनगरातल्या एका सोसायटीने मला प्रकल्प अडकल्यावर बोलावलं. अठ्ठावीस कुटुंबं. गॅरंटी होती, कमिटीने ती फाइलमध्ये नीट प्लास्टिकच्या पाकिटात ठेवली होती. मुदत बारा महिन्यांची. बांधकाम जोत्यापर्यंत आलं आणि तेराव्या महिन्यात काम बंद पडलं, पाठोपाठ भाड्याचे चेक परत यायला लागले. कमिटी बँकेत गेली तेव्हा गॅरंटीची मुदत संपून एकोणीस दिवस झाले होते. मुदतवाढ मागायची तारीख कुणाच्याच डायरीत नव्हती. त्या बैठकीत एक आजी होत्या. मी हजेरीसाठी पत्ता विचारला तर त्यांनी पर्समधून पाडलेल्या इमारतीचं शेवटचं वीजबिल काढून माझ्यापुढे ठेवलं. भाड्याच्या तीन जागा बदलून झाल्या होत्या, पण पत्ता म्हणून त्या तेच बिल दाखवत. तेव्हापासून मी करारात एक वाक्य घातल्याशिवाय सोसायटीला सही करू देत नाही: भोगवटा प्रमाणपत्र (नव्या इमारतीत राहायला जाण्याची पालिकेची परवानगी) मिळेपर्यंत गॅरंटी चालू ठेवणं ही बिल्डरची जबाबदारी, आणि मुदत संपण्याच्या तीस दिवस आधी ती वाढवली नाही तर संस्थेला ती लगेच वटवण्याचा हक्क.

बिल्डर २० टक्क्यांना तयार होत नाहीत, हे वास्तव आहे. काही जण त्याऐवजी विक्रीच्या घरांपैकी ठरावीक घरं संस्थेच्या नावे तारण ठेवतात. ते चालू शकतं, पण कोणते मजले, कोणते क्रमांक, आणि ती केव्हा सोडायची, हे नमूद हवं. नुसते पुढच्या तारखांचे चेक हे संरक्षण नव्हे.

सामूहिक करारासोबत प्रत्येक सभासदाचा स्वतंत्र करार, कायमस्वरूपी पर्यायी जागेचा, नोंदणी होऊन हातात आला पाहिजे. नवा मजला, घर क्रमांक, नकाशा, कार्पेट, पार्किंग हे सगळं त्यात असतं. पूर्वी या करारावर मुद्रांक शुल्क मागत, म्हणून लोक तो पुढे ढकलत. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदित्यराज बिल्डर्सच्या प्रकरणात स्पष्ट केलं की विकास करारावर शुल्क भरलेलं असेल तर जुन्या सभासदाच्या हक्काच्या जागेवर ते खरेदीसारखं पुन्हा लागत नाही. जादा विकत घेतलेल्या जागेचं गणित वेगळं. त्याच न्यायालयाने २०२४ मध्ये संक्रमण काळातल्या भाड्यावर टीडीएस कापायचा नाही असंही सांगितलं. बिल्डर दहा टक्के कापून भाडं देणार असं म्हणत असेल तर हा निकाल समोर ठेवा.

घर कधी सोडायचं? शासन निर्णय म्हणतो सर्व परवानग्यांनंतर. मुंबईत अडचण अशी की जुनी इमारत पाडल्याशिवाय सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करण्याचा दाखला, सहसा हातात येत नाही. म्हणून व्यवहारात आपण आयओडी, म्हणजे नकाशांना पालिकेने अटींसह दिलेली मंजुरी, धरतो. आयओडी मिळालेली, विकास करार आणि स्वतंत्र करार नोंदणी झालेले, बँक गॅरंटी संस्थेच्या ताब्यात, भाडं आणि सामान हलवण्याचा खर्च खात्यात जमा. एवढं झालं की किल्ली द्यायची. तुमच्याकडे यातलं एकही झालेलं नाही. त्यामुळे ‘दिवाळीनंतर रिकामं करा’ याला आज कसलाही आधार नाही.

आता तुमच्या सगळ्यात काळजीच्या प्रश्नाकडे येतो. सही न करणाऱ्याला कोर्ट बाहेर काढतं का? काढतं. हे मी लपवणार नाही, कारण उलट सांगून लोकांचं नुकसान करणारे सल्लागार मी पाहिलेत. गिरीश मूलचंद मेहता यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २००९ च्या अखेरीस असं ठरवलं की सभासद संस्थेत आला की सर्वसाधारण सभेचा वैध निर्णय त्याला बांधील असतो. मूठभरांना बहुसंख्यांचा प्रकल्प अडवता येत नाही. त्यानंतर अशाच असंख्य प्रकरणांत कोर्ट रिसीव्हर (कोर्टाच्या वतीने ताबा घेणारा अधिकारी) नेमून घरं रिकामी करून घेतली गेली आहेत. पण त्याच्या मुळाशी सभेचा वैध निर्णय आणि नोंदणीकृत करार असतो. तुमच्या कमिटीकडे आज दोन्ही नाहीत. धमकीत तथ्य आहे, वेळ चुकीची आहे.

आणि म्हणूनच वेळेवर बोलणं इतकं महत्त्वाचं. उच्च न्यायालयाने कलम ७९-अ खालचे २००९ चे निर्देश मार्गदर्शक मानले आहेत. त्यातली प्रत्येक पायरी शब्दशः पाळली नाही म्हणून सगळा व्यवहार आपोआप रद्द होत नाही. बहुसंख्य सभासद समाधानी असतील, करार झाला असेल, इमारत पाडली असेल, तर ‘निबंधकांचा अधिकारी त्या सभेला नव्हता’ एवढ्या मुद्द्यावर कोर्ट प्रकल्प थांबवत नाही. लोक वाटेतल्या चार सभांना गप्प बसतात, मनात म्हणतात की शेवटी कोर्ट आहेच, आणि शेवटी हातात काही राहत नाही. आक्षेप ज्या सभेत घ्यायचा त्या सभेतच घ्यायचा, लेखी, आणि इतिवृत्तात नोंदवून.

बाबांनी सही करावी का? या कागदावर नाही. पण ‘मी पुनर्विकासाच्या विरोधात आहे’ असंही लिहून देऊ नये. सत्तरीच्या पुढे जिना चढणाऱ्या माणसाला लिफ्टचं घर हवंच असतं, आणि विरोधक असा शिक्का बसला की त्यांचं रास्त म्हणणंही कोणी ऐकत नाही. त्या एकोणीस जणांशी भांडू नका. त्यातल्या निम्म्यांनी तरी शेजाऱ्याने सही केली म्हणून सही केली असेल. दोन-तीन जणांना घरी चहाला बोलावून वरचा ३२० चौरस मीटरचा हिशेब दाखवा. मी हे डझनावारी सोसायट्यांत केलंय. आकडा कागदावर दिसला की माणसं स्वतःहून सभा मागतात.

या आठवड्यात घरातही थोडं काम करून ठेवा. भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट), १९८४ चा मूळ खरेदी करार आणि नोंदणीची पावती शोधा. नामनिर्देशन भरलेलं आहे का ते तपासा, नसेल तर आजच भरा. प्रकल्प तीन वर्षं चालतो; मधेच सभासद गेला तर भाडं आणि ताबा दोन्ही वारसांच्या कागदपत्रांत अडकतात. आणि कमिटीला विचारा की जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन संस्थेच्या नावावर होणं) झालंय का, मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) सोसायटीचं नाव लागलंय का. नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा (मूळ विकासकाच्या सहकार्याशिवाय होणाऱ्या डीम्ड कन्व्हेयन्सचा) अर्ज आधी, बिल्डर नंतर. जमीन मूळ विकासकाच्या नावावर राहिली असेल तर वाटाघाटीत तोही खुर्ची ओढून बसतो, आणि त्याचा वाटा तुमच्या चौरस फुटांतून जातो.

मग बाबांच्या सहीने सचिवांना एक पत्र द्या. दोन प्रती, एकीवर पोच आणि तारीख. पोच देणार नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. मजकूर साधा ठेवा:

“मी संस्थेचा सभासद असून इमारतीच्या पुनर्विकासास माझा तत्त्वतः पाठिंबा आहे. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार विशेष सर्वसाधारण सभा बोलावून प्रथम पुनर्विकासाचा निर्णय घ्यावा, संस्थेचा स्वतंत्र प्रकल्प सल्लागार नेमावा आणि त्याचा सुसाध्यता अहवाल सर्व सभासदांना द्यावा, ही विनंती. संरचनात्मक लेखापरीक्षण अहवाल, मिळकत पत्रिका आणि मंजूर नकाशा यांच्या प्रती मला आवश्यक ते शुल्क आकारून द्याव्यात. ही कार्यवाही होईपर्यंत कोणत्याही विकासकाच्या संमतीपत्रावर मी स्वाक्षरी करणार नाही, याची नोंद घ्यावी.”

खाली आणखी सहा सभासदांच्या सह्या मिळाल्या तर सात होतात, म्हणजे एक-पंचमांश पूर्ण. तसं झालं तर पहिल्या वाक्यात ‘मी’च्या जागी ‘आम्ही खालील सही करणारे सभासद’ लिहा आणि एक प्रत उपनिबंधक कार्यालयात पोच घेऊन द्या. मग ती नुसती विनंती राहत नाही, कमिटीला सभा बोलवावी लागते. इतके दिवस बिल्डरच्या लेटरहेडवर सह्या जमत होत्या, त्याऐवजी सोसायटीच्या सभेची नोटीस फलकावर लागेल. त्या नोटिशीचा फोटो तारखेसकट काढून ठेवा.